आत्याचा हक्क

एसिया, नियुआफोऊ
१२ फेब्रुवारी १९५९

लेसिएली,

पोहोचले. जहाज उद्या सुटणार म्हणतात, म्हणजे परवा सुटेल. तेवढ्यात हे लिहून देते.

इथे बोटीतून खडकावर उडी मारायची असते, हे माझे पाय बारा वर्षांत विसरले. लाट वर आली की मारायची, खाली गेली की थांबायचं. मी नेमकं उलटं केलं. दोन पोरांनी दंडाला धरून पोत्यासारखं वर ओढलं. सगळे हसले, मीही हसले, मग रडूच आलं. बारा वर्षांनी घरी आले आणि आले कशी, तर पोतं होऊन!

तू एऊआची. हे बेट तू पाहिलेलं नाहीस. माझ्या त्या भावाने, विलिसोनीने, तुला काय सांगितलं असेल देव जाणे. आम्हाला इथून नेलं तेव्हा त्याचं सगळं लक्ष मुलींकडे होतं. म्हणून मीच सांगते. बेट म्हणजे एक गोल कडं आहे. मध्ये तळं, भोवती डोंगराचा कठडा, बाहेर समुद्र. गावं कठड्याच्या बाहेरच्या उतारावर. माझ्या आठवणीत आग त्या उतारावरच जमीन फाटून आली आहे. म्हणून जमीन हलली की किनाऱ्याकडे पळायचं नाही, वर कठड्यावर जायचं. मी तरुण होते तेव्हा फुतू जळलं, लोक वर गेले. आंगाहा जळलं, आम्ही वर गेलो. माणूस एकही मेलं नाही. तरी सरकारने सगळ्यांना जहाजात भरून तुमच्याकडे आणून टाकलं. आता परत जा म्हणाले, तर आले.

आंगाहावर काळा दगड आहे, त्यातून नुसती गवताची पाती डोकावतात. माझं सासर त्याच्या खाली आहे. माझ्या सासूचं तोंड बंद करायला जमीन फाटावी लागली असं मी म्हटलं, तर इथल्या म्हाताऱ्या हसून हसून आडव्या झाल्या. मी आता एसियात, माहेरच्या जागेवर राहते. तुझ्या सासऱ्यांचं घर वेलींनी खाल्लं, पण चौथरा शाबूत आहे. प्रत्येक माडाखाली पडलेले नारळ रुजून इतकी रोपं झालीत की पाय ठेवायला जागा नाही. आणि गरम वाळूत अंडी पुरणारे ते मलाउ पक्षी! बारा वर्षं त्यांची अंडी कुणी काढली नाहीत. तळ्याकाठच्या आपल्या वाळूत पक्षी असे फिरतात, जशी काही आपणच त्यांची कुळं.

आता मुद्द्याचं. मी एकटी आहे. देवाने मला मूल दिलं नाही आणि नवरा एऊआच्या मातीत ठेवून आले. तुला तीन मुली. थोरलीला, लुसेला, माझ्याकडे पाठव. मी मागत नाहीये. मागायचं परक्याकडे. मी कळवतेय. ती माझ्या भावाची मुलगी आहे. विलिसोनीला वाचून दाखव. बहीणभावाने एकमेकांना थेट लिहायचं आमच्यात बसत नाही, म्हणून मध्ये तू. तो हो म्हणेल.

फीफीता


एसिया, एऊआ
३ मे १९५९

वन्सं,

तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, ‘ताईने सांगितलंय ना’ एवढंच म्हणाले आणि कोयता घेऊन मळ्यात गेले. तुमच्या भावाचं तुमच्यापुढे कधी चाललंय? माझ्यापुढे मात्र फार चालतं, बरं का.

लुसे तुमचीच आहे, ते का मला सांगायला हवं? तुम्ही म्हणाल तेव्हा पाठवायची. फक्त सध्या तिच्या पायाला गळवं झालीत. ती बरी झाली की शाळेची परीक्षा. परीक्षा झाली की पाद्रीबाबांनी तिला भजनीमंडळात पुढच्या रांगेत उभं केलंय, ते सोडून गेली तर ते काय म्हणतील? आणि वन्सं, तिला बोट लागते. नुकुआलोफापर्यंत जाताना आतडी बाहेर येतात तिची. तुमच्याकडे तर कितीतरी लांब जायचं. आधी नियुआतोपुतापुला थांबायचं, मग पुढे. मग खडकावर उडी. तुम्ही एवढ्या सराईत, तरी पोतं झालात. माझी आठ वर्षांची पोर काय होईल?

रागावू नका. मी विचारणारी कोण? पण तुम्हीच लिहिलंत, गावावर दगड आहे. ज्या बेटाने गावं गिळली तिथे पोरीला एकटीला पाठवायची म्हणजे माझ्या पोटात कसं होत असेल, हे जरा बघा. इथे जमीन हलत नाही. कोनफळं अशी पोसतात की एक उचलायला दोन माणसं लागतात. अळू आहे, गाई आहेत. तुम्ही लोक आलात तेव्हा आमच्या बापाने तुम्हाला जागा दाखवली, तुम्ही तिथे तुमच्याच गावांची नावं ठेवलीत, एसिया काय, फुतू काय, आम्ही काही बोललो नाही. आता इथलं सगळं सोडून तिकडच्या राखेत काय ठेवलंय, मला खरंच कळत नाही.

चटई विणायला घेतलीय, तुमच्यासाठीच. केवड्याची पानं यंदा चांगली सुकलीत.

तुमची,
लेसिएली


एसिया, नियुआफोऊ
२८ जुलै १९५९

शहाणे,

गळवं मे महिन्यातली, आता जुलै सरला. परीक्षा झाली असेल. पाद्रीबाबांना सांग, इथेही देवळाला छप्पर चढलंय आणि पुढच्या रांगेत उभं राहायला माणसंच कमी आहेत. बोट लागते म्हणतेस, तर मला सांग, कुणाला लागत नाही? मीसुद्धा नियुआतोपुतापुपर्यंत बादलीत तोंड घालून आले.

आणि जी खरी सबब आहे ती तू लिहिलीच नाहीस. माझ्या चुलतबहिणीचा, आकेसाचा, जावई जहाजावर खलाशी आहे. त्याने खडकावर पाय ठेवायच्या आधी ओरडून सांगितलं, ‘लेसिएली वहिनी पोटुशी आहे!’ सगळ्या गावाने ऐकलं, मग मी ऐकलं. मला, मुलाच्या आत्याला, खलाशाकडून कळावं? मला राग आला आहे. तो लपवत नाही.

ऐक. मुलगा झाला तर त्याचं नाव आंगाहा. नाव आत्या ठेवते, हे तुला माहीत आहे. गाव दगडाखाली गेलं, नाव तरी कुणाच्या तरी तोंडात राहील. मुलगी झाली तर तू ठेव, मला काही सुचलं नाही.

लुसे मला का हवी, ते एकदा नीट सांगते, म्हणजे तू मला म्हातारपणाची काठी शोधणारी बाई समजणार नाहीस. काठीही हवी आहे, नाही म्हणत नाही. पण बेट सोडलं तेव्हा जी मुलं कडेवर होती ती आता मिसरूड फुटलेली आहेत, आणि त्यांना काही येत नाही. परवा जमीन थोडी हलली. मोठी मोठी पोरं किनाऱ्याकडे पळाली! एऊआत शिकली ना, होड्या किनाऱ्यावर असतात म्हणून. मी शिव्या घालत त्यांना मागे फिरवलं. तळ्याकाठची आपली वाळू कुठून कुठपर्यंत, अंडं काढायला हात कुठे घालायचा, वर जायची जुनी वाट कुठे फुटते, हे आपल्या घरातलं फक्त मला ठाऊक आहे. विलिसोनीला विचार, त्याला आठवत नाही. मी मेले की आपल्या घराचं इथे काही उरत नाही. एका लेकराला शिकवायला मला दोन-तीन वर्षं पुरतील.

डिसेंबरच्या आत पाठव.

फीफीता


एसिया, एऊआ
९ नोव्हेंबर १९५९

वन्सं,

हे पत्र लुसेच्याच हाती देते आहे. तिकडच्या फाताउलुआ गावचं एक जोडपं परत चाललंय, त्यांच्याबरोबर बसवली. घ्या तुमची मुलगी.

मुलगा झाला. नाव आंगाहाच ठेवलंय. तुम्हाला हवं तेच झालं, सगळंच.

बाळंतपण फार अवघड गेलं. मूल अडलं. सुईण म्हणाली, आता माझ्या हातात नाही. मग बायका माझ्या उशाशी कुजबुजायला लागल्या. वन्संना दुखावलंय, पोरगी द्यायला टाळाटाळ केली, आता आत्याचा शाप लागला. मी कळांनी अर्धमेली, आणि ह्यांची मान खाली. तुम्ही समुद्रापलीकडे, तुमच्याकडे क्षमा मागायला जाणार कसं? मग तुमच्या चुलतबहिणीला, आकेसाला, आणलं. तीही ह्यांची बहीणच, म्हणून तुमच्या जागी चटईवर बसवली. ह्यांनी दारातच गुडघे टेकले. आकेसाने पाण्यात बोटं बुडवून माझ्या पोटावर शिंपडलं आणि म्हणाली, ‘सोडलं. पण पोर पाठवा.’ मी ओरडून म्हटलं, ‘पाठवते, पाठवते!’ आणि मूल आलं. ही गोष्ट खरी आहे, गावाला विचारा.

तुम्ही एवढ्या टोकाला जाल असं वाटलं नव्हतं. मी तुमची भावजय आहे, मला हवा तो शाप द्या, पण पोटातल्या जिवाला? असो. वचन दिलं, पाळलं.

लुसेला रात्री एका कुशीवर झोपायची सवय आहे, डाव्या. माशाचा काटा तिला काढून द्यावा लागतो. केस विंचरताना रडते, तिकडे लक्ष देऊ नका. चटई बरोबर दिली आहे. ती तुमचीच होती.

लेसिएली


एसिया, नियुआफोऊ
२१ नोव्हेंबर १९५९

लेसिएली,

जहाज उभं आहे, हे घाईने लिहिते.

लुसे सुखरूप उतरली. कमरेपर्यंत भिजली, पण घसरली नाही.

मी शाप दिला नाही. देवाशपथ. रागावले होते, ते तुला लिहिलंच होतं. पण शाप मी कधी कुणाला दिला नाही, तुझ्या पोराला तर नाहीच. आकेसाला माझ्या तोंडाने बोलायला कुणी सांगितलं होतं? तिला पुढच्या जहाजाने असं पत्र लिहिणार आहे की ती पाणी शिंपडायचं विसरेल.

पोरीला याच जहाजाने परत चढवावं असं एकदा मनात आलं. मग नाही चढवली. का, ते विचारू नकोस.

मुलगा झाला, मला फार आनंद झाला. तुझी तब्येत जप.

फीफीता


एसिया, एऊआ
१४ फेब्रुवारी १९६०

वन्सं,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. शाप नव्हता ना? मग माझं वचनही नव्हतं. जी गोष्ट घडलीच नाही तिच्या भीतीने मी पोर दिली. आता ती परत पाठवा.

तुम्ही म्हणाल, लेसिएलीची जीभ फार लांब झाली. झाली. बाळ रात्रभर रडतं, मधली लुसेच्या चटईवर कुणाला बसू देत नाही, धाकटी दारात बसून विचारते, ‘जहाज आलं?’ ह्यांना विचारलं तर म्हणतात, ‘ताईकडे आहे ना, मग काय काळजी?’ आणि मळ्यात जाऊन एकटे बसतात. परवा मी त्यांना रडताना पाहिलं. पण ते तुम्हाला काही म्हणणार नाहीत. म्हणून मी म्हणते.

तिथे जमीन हलते. तुम्हीच लिहिलंत. एक दिवस हलली आणि तुमचे गुडघे दुखत असले तर माझ्या पोरीचा हात कोण धरणार?

घरकामाला मी एकटी पुरेना, म्हणून माझ्या भावाची सालोमे आणलीय. नऊ वर्षांची आहे, पण फार गुणाची. बाळाला खेळवते, अळूच्या पानात नारळाचं दूध बांधून भट्टीत घालायला शिकली. भावजय जरा कुरकुरली, तिच्या आईची तब्येत बरी नाही म्हणे, पोरगी हाताशी हवी. सबबी सगळ्या! मी म्हटलं, अगं, आत्याच्या घरी जाणार आहे, परक्याच्या का? मग दिली.

लुसेला पुढच्या जहाजाने पाठवा.

लेसिएली


एसिया, नियुआफोऊ
३० मे १९६०

लेसिएली,

सालोमेचं वाचून मी इतकी हसले की लुसे धावत आली, आत्याला काय झालं म्हणून. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मामीसुद्धा रडली असेल.’ तू यावर काही बोलू नकोस, नुसता विचार कर. माझ्याबद्दल तू घरात जे जे बोलली असशील, ते सगळं सध्या तुझी भावजय तुझ्याबद्दल बोलत असणार.

आता लुसेचं सांगते. पहिले दोन महिने रोज संध्याकाळी खडकावर जाऊन बसायची. मग एक दिवस गेली नाही. अंडी काढायला शिकली. खांद्यापर्यंत हात वाळूत घालते, गरम लागलं की जीभ बाहेर काढते, अंडं आलं की मोठ्याने हसते. किती काढायची, किती ठेवायची, खड्डा परत कसा बुजवायचा, सगळं येतं. नियुआतोपुतापुला जहाज थांबलं होतं तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांनी तिला ताफाहीची गोष्ट सांगितली होती. आमच्या तळ्याच्या जागी डोंगर होता, तो भुतांनी चोरून नेला, पहाट झाली म्हणून टाकून पळाले, तोच ताफाही. ती म्हणते, ‘आत्या, आपण जाऊन तो परत मागू या.’ मी म्हटलं, आपण पितो त्या कावाची जगात सगळ्यात चांगली मुळं ताफाहीचे लोक त्यावर पिकवतात, ते कशाला देतील?

एप्रिलमध्ये जमीन हलली. घाबरू नकोस, आग आली नाही. भर दुपारची वेळ होती, मी अळूच्या वाफ्यात, लुसे घरी. धक्का जोराचा होता, चुलीवरचं भांडं लवंडलं. मी धावत घरी आले तर पोर नाही. नाव घेऊन ओरडले. विहिरीपाशी पाहिलं, देवळात पाहिलं, आणि मग, लेसिएली, मी काय केलं माहीत आहे? मी किनाऱ्याकडे पळाले. मी! पोरांना शिव्या घालणारी मी. मला वाटलं, ही एऊआची, ही होडीकडेच गेली असणार. त्या खडकावर उभी राहून पाण्यात बघत होते. काय शोधत होते ते तुला सांगत नाही.

ती कठड्यावर होती. शिकवलं होतं तशी जुन्या वाटेने सरळ वर गेली होती, शेजाऱ्याची दोन लहान पोरं हाताला धरून. मी रांगत वर पोहोचले तेव्हा ऊन कललं होतं. मला म्हणते, ‘आत्या, तू उशीर केलास.’ मी तिला एक थोबाडीत दिली आणि मग कवटाळून इतकी रडले की ती लहान पोरंही रडायला लागली. तिने काहीही चुकीचं केलं नव्हतं. मारलं, ते चुकलं. तुला सांगितलंच पाहिजे म्हणून सांगते.

तू गेलं वर्षभर पोटात काय घेऊन फिरते आहेस, ते मला त्या दुपारी कळलं. एकच दुपार, आणि माझं असं झालं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक आहे. माझ्या आईने कधी कुठल्या भावजयीला असं विचारलं नाही, आजीनेही नाही. मी विचारते. हुकूम नाही, कळवणंही नाही. लुसेला ठेवू की पाठवू? तू सांग.

फीफीता


एसिया, एऊआ
१७ ऑगस्ट १९६०

वन्सं,

पत्र हातात घेऊन मी भट्टीपाशीच बसून राहिले, अन्न करपलं. ह्यांना वाचून दाखवलं तर ते उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा म्हणाले, ‘ताईने विचारलं? तुला?’ त्यांचा विश्वास बसेना. माझाही बसत नाही.

काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक आहे. ‘तुमचीच आहे, ठेवा.’ हेच लिहायचं असतं. मी तसं लिहायलाही बसले होते.

पण आधी एक झालं ते सांगते. तुमचं पत्र आल्यावर मी सालोमेला घेऊन भावाकडे गेले. भावजयीला म्हटलं, तूच सांग, हिला ठेवू की तुझ्याकडे सोडू? ती लगेच म्हणाली, ‘तुमचीच आहे, ठेवा.’ अगदी हसतमुखाने. पण सालोमेचा हात तिने धरला होता, तो सोडला नाही. बोटं पांढरी पडली होती तिची. मी तो हात बघत राहिले. पोरीला तिथेच ठेवून आले. भाऊ म्हणाला, अगं, तिने हो म्हटलं ना? मी म्हटलं, तू गप्प बस, तुला काय कळतं?

म्हणून मी ते गोड उत्तर लिहिणार नाही. तुम्ही खरं विचारलंत, तर खरं सांगते. पाठवा.

तुमच्याकडे ती चांगली राहिली, हे मला कळतंय. तिला शिकवलंत, जीव लावलात. ती दोन पोरं हाताला धरून वर गेली हे वाचून मी गावभर सांगत सुटले. थोबाडीत दिलीत त्याचाही मला राग नाही, मी असते तर दोन दिल्या असत्या. तुम्ही एकट्या पडाल, हेही मला दिसतंय, आणि त्याने मला वाईट वाटतं. तुम्ही इकडे या म्हणेन, पण तुम्ही येणार नाही. तरीही पाठवा. मला माझी मुलगी हवी आहे.

तुमची भावजय,
लेसिएली


एसिया, नियुआफोऊ
५ नोव्हेंबर १९६०

लेसिएली,

टपालाची पिशवी बोटीतून टाकताना पाण्यात पडली, पण आतलं सगळं कोरडं राहिलं. वाचून झाल्यावर वाटलं, भिजलं असतं तर बरं झालं असतं. शाई पसरली, एक अक्षर लागलं नाही, असं कळवून आणखी सहा महिने काढता आले असते. तुला खरं कळलंही नसतं.

तू ‘ठेवा’ लिहिशील असं धरूनच मी विचारलं होतं. आता कबूल करायला काय हरकत आहे? सगळ्या तसंच म्हणतात. मला वाटलं, विचारल्याचा मोठेपणाही मिळेल आणि पोरही राहील. पन्नाशी उलटली, भावाच्या घरातून मला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. पत्र वाचलं त्या दिवशी मी तुला तोंडाला येईल ते बोलले. लुसेने ऐकलं, ती तुला सांगेलच. शाप नव्हे, शिव्या. ते वेगळं असतं. दुसऱ्या दिवशी राग गेला. मग नुसतं वाईट वाटत राहिलं, ते अजून वाटतंय.

लुसेला सांगितलं. आईकडे जायचं म्हटल्यावर आनंदाने उडी मारली, मग माझ्याकडे पाहून ती उडी अर्ध्यात थांबवली. एवढंसं पोर, पण कळतं तिला. म्हणाली, ‘आत्या, तू पण चल.’ मी म्हटलं, मी गेले तर आपल्या वाळूत शेजारी हात घालतील. मग म्हणाली, ‘मग मी हे सगळं शिकले कशाला?’ मी म्हटलं, आंगाहा मोठा होईल, त्याला पोरं होतील, तू त्यांची आत्या. त्यातल्या एकाला घेऊन इकडे ये, सगळं दाखव. पण त्याच्या आईला आधी विचार. हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही. आमच्या घरात असं कधी कुणी बोललं नव्हतं.

तिचं सामान बांधलंय. अंडी दिली आहेत, पण ती नुकुआलोफाच्या आधीच संपतील. आता माशाचा काटा ती स्वतः काढते, तू काढून देऊ नकोस, रागावते. केस मात्र अजून रडतच विंचरून घेते. झोपताना आता उजव्या कुशीवर वळते, कारण माझी चटई त्या बाजूला असायची. ती सवय तिला मोडावी लागेल. मलाही.

मी विचारलं हे चुकलंच, असं मला अजूनही वाटतं. विचारलं नसतं तर ती आज इथे असती. पण विचारून बसले, तू उत्तर दिलंस, आता मला ते ऐकायला हवं.

खलाशी ओरडतायत, लाट बरी आहे, लवकर करा म्हणून. हे पत्र तिच्याच कमरेला बांधते. तिला उतरवून घ्यायला तू स्वतः ये, बाळ कडेवर असलं तरी ये, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. जहाज लागेल तेव्हा ती तुलाच शोधणार आहे.

फीफीता